बॅटरीच्या खोलीचं भोक

गाडीखाली झोपलेला माणूस आणि चिडलेला माणूस, दोघांजवळ जाताना लांबूनच हाक मारावी, असं त्या रस्त्यावरचे लोक म्हणत. गॅरेजवाला बहुतेक वेळा दोन्ही असायचा, गाडीखालीही आणि चिडलेलाही. त्यामुळे त्याला दोनदा हाक मारावी लागे, आणि दुसरी हाक मारून लोक दोन पावलं मागे सरत.

तोंडावर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पाठीमागे रेडिएटर. "रेडिएटर तापलाय, झाकणाला हात लावू नका," असं एकमेकांना डोळ्यांनी सांगत. हे त्यालाही ठाऊक होतं. एकदा एका टेंपोवाल्याच्या तोंडून ते नाव चुकून समोरच निघालं. त्याने टेंपोवाल्याला त्याच्याच टेंपोच्या दारात धरलं आणि दार तीनदा आपटलं. बिचाऱ्याची बरगडी गेली. दार मात्र मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी फुकट ठोकून सरळ करून दिलं, कारण वाकलेलं दार त्याला बघवत नसे.

असा माणूस. पण हाच माणूस गंजलेल्या नटापाशी बसला की बघावं. नटाला तो कधी हातोडा मारायचा नाही. आधी तारेच्या ब्रशने घासायचा, मग तेलाचे दोन थेंब सोडायचा, मग नुसता बसून राहायचा. नाहीच निघाला तर फडकं गुंडाळून ठेवायचा आणि म्हणायचा, "उद्या बघू रे बाबा, घाई नाही." दुसऱ्या दिवशी तो नट लोण्यासारखा फिरे. त्याची स्वतःची गाडी होती, गोल दिव्यांची, बुटकी, कुणीतरी झाडाखाली टाकून दिलेली. तिच्या डिकीत सापाची कात आणि सीटमध्ये उंदरांची तीन घरं होती. ती त्याने चार वर्षांत उभी केली. तिच्याशी तो बोलायचा. चढावर तिला "बाई, जरा दम खा" म्हणायचा. बायकोला असं तो आयुष्यात कधी म्हणाला नव्हता.

बायकोने एकदा ते बोलूनही दाखवलं. "त्या नटाला तेल घालून रात्रभर थांबता. आमच्यावर मात्र थेट हातोडा."

त्यावर त्याने ताट भिंतीवर भिरकावलं होतं.

हे त्याच्या अंगात आलं कुठून, याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही. नऊ वर्षांचा असताना त्याला एका उस्तादाच्या हाताखाली घातलं होतं. उस्तादाची शिकवायची पद्धत एकच, जुना फॅनबेल्ट. चुकीचा पाना दिला की एक, बरोबर पाना उशिरा दिला की दोन. अजूनही अंघोळीला बसला की त्याच्या पाठीवर ते पट्टे दिसत, टायरच्या नक्षीसारखे. उस्ताद मेला तेव्हा हा ढसाढसा रडला. म्हणाला, "त्याने मला माणूस केलं." बायको तेव्हा देवघरात गेली. देवापुढे बसून एवढंच म्हणाली, की याला ज्याने असा माणूस केला त्याला क्षमा कर, आणि याला पुन्हा एकदा कर, नीट.

उस्तादाने शिकवलेली एक गोष्ट त्याच्या बोटांत कायमची बसली होती. बॅटरी जिवंत आहे की मेली हे बघायला त्याला मीटर लागत नसे. तारेचा तुकडा घ्यायचा, बॅटरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. निळीपांढरी ठिणगी कडाडली तर बॅटरीत जीव आहे. लाल, मरतुकडी आली तर ती गेली. "मीटर खोटं बोलेल, ठिणगी नाही," असं उस्ताद म्हणायचा. गाडीच्या एका बॅटरीला, उघड्या रस्त्यावर, हे चालून जातं. शेकडो मिस्त्री रोज असंच करतात, आणि घरी जाऊन जेवतातही.

आता त्या पान्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून आलं.

एका सकाळी बायकोने विचारलं, गाडीला नवीन कार्ब्युरेटर मिळतो, मग लेकीला दप्तर का मिळत नाही. प्रश्न साधा होता. त्याच्या हातात बावीसचा पाना होता. तो त्याने फेकला. बायकोवर फेकला, असं तो स्वतःशी कधी कबूल करत नसे. भिंतीवर फेकला, असं म्हणे. पाना लेकीला लागला. डाव्या भुवईच्या वर. रक्त असं उडालं की गाडीच्या पांढऱ्या बॉनेटवर शिंतोडे आले. सात टाके पडले. लेक बारा वर्षांची, घरात तिला ठकी म्हणत. टाके घालताना ती रडली नाही. बापाकडे बघत राहिली, एखाद्या अनोळखी कुत्र्याकडे बघावं तसं.

त्या संध्याकाळी बायको ठकीला घेऊन भावाकडे गेली. आठ दिवसांनी हा दारात जाऊन उभा राहिला. तेव्हा बायको उंबऱ्यावर आली आणि म्हणाली, "एक वर्ष. एक वर्ष कुणावरही हात उगारायचा नाही. माझ्यावर नाही एवढंच नाही, कुणावरच नाही. देवाला स्मरून सांगा. वर्ष पुरं झालं की येईन. नाहीतर नाही."

"कुणावरच? रस्त्यावर कुणी शिवी दिली तर?"

"तर ऐका. कान आहेत ना."

त्याने देवाला स्मरून सांगितलं. ठकीने मामाच्या घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेनने चौकट काढली.

आणि मग त्याने घर बांधायला घेतलं.

जागा त्याची होतीच, गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या दोन खोल्या होत्या तिथे. घराबद्दल त्याची मतं पक्की होती आणि विचारलं नाही तरी तो ती ऐकवायचा. "घर म्हणजे उभी गाडी," तो म्हणायचा. "पाया म्हणजे चासी. चासी वाकडी तर वर सोन्याची बॉडी ठेवा, रडणारच. पाण्याचे नळ म्हणजे रेडिएटरची नळी. आणि वीज म्हणजे बॅटरी. लोक काय करतात? खांबावरून तार घेतात. म्हणजे दुसऱ्याच्या टाकीत नळी घालून गाडी चालवायची. त्याने नळी काढली की तुम्ही अंधारात. माझं घर माझ्या पेट्रोलवर चालेल."

त्याचं पेट्रोल म्हणजे ऊन. छपरावर सौर पॅनेल, आणि खाली एका खोलीत चोवीस बॅटऱ्या. ट्रकमधून काढून टाकलेल्या, मेल्या म्हणून सोडून दिलेल्या. एकेक त्याने उघडली, धुतली, नवं ॲसिड घातलं, पुन्हा चार्ज केली. तुळयांना मोडक्या ट्रकच्या चासीचे चॅनेल लावले. स्वयंपाकघराच्या खिडकीला बसची पुढची काच बसवली, बाहेरचं सगळं वाकवून दाखवणारी. बॅटरीच्या खोलीला ट्रकच्या मागच्या फाळक्याचं लोखंडी दार. त्या खोलीच्या भिंती त्याने गवंड्याला हातही लावू दिल्या नाहीत. आधी गॅरेजात हातोडा मारून मारून हात सुजायचे, मग त्या सुजलेल्या हातांनी वीट ठेवायची. दीड वीट जाड भिंत, आणि मुंगीलाही वाट नाही.

ते वर्ष त्याने कसं काढलं ते त्याचं त्याला माहीत. गॅरेजात त्याने साखळीला ट्रकचा एक मेलेला टायर टांगला होता. गिऱ्हाईक वाकडं बोललं की हा निमूटपणे आत जायचा, टॉमीची लोखंडी कांब उचलायचा, आणि त्या टायरला असा बडवायचा की बाहेर गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे काढून ठेवी. एकदा कुणीतरी त्याच्या गोल दिव्यांच्या गाडीवर किल्लीने लांबच लांब ओरखडा ओढला. ओढणारा सापडलाही, समोरच, दात विचकत उभा. रेडिएटरने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. रक्त येईपर्यंत घेतला. मग आत जाऊन टायर फाडला.

रविवारी तो मामाच्या घरासमोर गाडी लावून हॉर्न वाजवायचा. ठकी येऊन शेजारी बसायची. भुवईवरची खूण बापाच्या बाजूला यायची नाही, पण वळून बोलली की यायची. मग तो समोर रस्त्याकडे बघून बोलायचा.

"बाबा, या आठवड्यात कुणाला मारलं?"

"नाही."

"मारावंसं वाटलं?"

"सतरा वेळा."

"मागच्या आठवड्यात एकवीस होते."

"मागच्या आठवड्यात वायरमन रोज आला होता."

ती हसायची. तेवढ्या हसण्यावर तो पुढचा आठवडा ढकलायचा.

हा वायरमन म्हणजे त्याच्याच वयाचा, काडीपैलवान, बोलण्यात मात्र कुणाला हार न जाणारा. दोघांची ओळख तीस वर्षांची आणि भांडणही तेवढंच जुनं. त्या रस्त्यावर रेडिएटरला न घाबरणारा तो एकटाच, कारण त्याने आयुष्यभर विजेचे झटके खाल्ले होते. माणसाच्या झटक्याचं त्याला विशेष काही वाटत नसे.

"मिस्त्री, तुझा मारामारीचा उपास किती दिवस राहिला?"

"चार."

"सोडताना पहिला घास कुणाचा?"

"तुझाच. जवळ राहा."

अशा गोष्टी चालायच्या. पण बॅटरीच्या खोलीवरून दोघांचं पहिल्यापासून वाजलं होतं. वायरमन म्हणत होता, भिंतीला वर एक भोक पाड, आणि खाली एक. बॅटऱ्या चार्ज होताना वायू सोडतात. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, पण छताखाली साठतो, आणि पेटला तर बॉम्ब. रेडिएटर म्हणत होता, भोक पाडलं की पाऊस येईल, उंदीर येतील, चोराचा हात येईल. खरं कारण निराळंच होतं. वर्षभर ज्या ज्या माणसाला मारलं नव्हतं, त्याच्या त्याच्या नावाची एक वीट त्या भिंतीत होती. त्या भिंतीला छिन्नी लावायची त्याची तयारी नव्हती.

तीनशे चौसष्टावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आणि ठकी येणार होत्या. घर झाडून झालं होतं. दिवे लावायचे तेवढे राहिले होते. तीन दिवस कडक ऊन होतं, बॅटऱ्या आत उकळत्या भातासारख्या बुडबुडत होत्या, फाळक्याचं दार बंद होतं. दुपारी वायरमन शेवटच्या तारा जोडायला आला आणि दार उघडताच मागे सरला.

"अजून भोक नाही?"

"नाही आणि होणार नाही. तू तारा जोड."

"मी आत पक्कड घेऊन शिरणार नाही. दार दोन तास उघडं ठेव, मग बघू."

"दोन तासांनी उजेड जाईल. मला दिवे आत्ता बघायचेत. उद्या पोरगी यायची आहे."

"उद्या पोरगी यायची आहे म्हणूनच सांगतोय, गाढवा!" वायरमनने हातातली पिशवी खाली आपटली. "घर बांधलंस की प्रेशर कुकर? शिट्टी तरी ठेवायची! पण तू कशाला ठेवशील? तुझ्या स्वतःच्या डोक्यातली वाफ जायला कुठे भोक आहे? सगळं आत दाबून ठेवायचं आणि एक दिवस पोरीच्या कपाळावर फोडायचं. म्हणून तर बायको गेली."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा वायरमनचा जुना रोग. पण हे वाक्य संपायच्या आतच मूठ आली.

वर्षभराची मूठ होती ती. ती वायरमनच्या तोंडावर बसली आणि काहीतरी खाट्कन मोडलं. वायरमन दाराच्या चौकटीवर आदळला. रेडिएटरने त्याची कॉलर धरून त्याला ओढला आणि त्या जाड, पवित्र भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटताना त्याला भिंतीवर लाल डाग दिसला. ताज्या चुन्यावर, तळहाताएवढा.

बॉनेटवरचे शिंतोडे त्याला आठवले. हात सुटला.

वायरमन खाली बसला. त्याने तळहातावर थुंकून बघितलं. त्यात एक दात होता. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला, उठला, आणि भिंतीला धरत धरत निघून गेला. अवजारांची पिशवी तिथेच राहिली.

रेडिएटर बराच वेळ हाताकडे बघत उभा होता. बोटांच्या सांध्यांवरची साल गेली होती. तीनशे चौसष्ट. उद्या सकाळी ती विचारणार. मग त्याच्या मनात जे आलं ते आपल्या सगळ्यांच्या मनात येतं. आधी काम पुरं करू. दिवे लागले, घर उजळलं, की बोलायला काहीतरी तोंड राहील.

तो फडकं घेऊन भिंतीवरचा डाग पुसत बसला. पुसला तसा तो पसरला. मग फडकं फेकून तो आत शिरला, आणि वाऱ्याने त्याच्या मागे फाळका बंद झाला तो त्याने तसाच राहू दिला. वर टांगलेल्या विजेरीच्या पिवळ्या उजेडात त्याने तारा जोडल्या. शेवटची ओळ जोडून बटण दाबलं. काही नाही. एका ओळीत वीज पोचत नव्हती. चोवीसातली एखादी मेली असणार. मीटर वायरमनच्या पिशवीत होतं, बाहेर, चार पावलांवर.

चार पावलं. पण बोटांना मीटरची सवय नव्हती. बोटांनी तारेचा तुकडा उचलला. पहिल्या बॅटरीच्या एका टोकाला टेकवला, मग दुसऱ्या टोकाला.

ठिणगी खोटं बोलली नाही.

आवाज त्याला ऐकूच आला नाही. पांढरं काहीतरी छातीवर बसलं आणि तो उचलला जाऊन फाळक्यावर आपटला. फाळका बिजागरीसकट उखडून अंगणात गेला आणि त्याच्याबरोबर हाही. प्लॅस्टिकचे तुकडे खिळ्यांसारखे गालांत घुसले. आणि मग डोळ्यांत आग. आग म्हणजे तरी काय, आग बाहेरून लागते, ही आत उतरत होती. तो ओरडला तर तोंडातही ॲसिडचीच चव आली. त्याने मुठींनी डोळे चोळायला घेतले.

"चोळू नकोस!"

कुणीतरी मुठी ओढून मागे पिरगळल्या. कुणीतरी केस धरून फरफटत नेलं. गुडघे विटांच्या तुकड्यांवर खरवडत गेले. मग डोक्यावर पाणी कोसळलं, धो धो, छपरावर चढवलेल्या जुन्या टँकरच्या टाकीचा पुरा जोर. त्याचं नाक भरलं, तोंड भरलं. त्याला वाटलं, मला बुडवून मारतायत. त्याने कोपर मागे हाणलं. ते कुणाच्या तरी पोटात बसलं. उलट त्याच्या कानाखाली असा जाळ निघाला की मान फिरली.

"डोळे उघड, भाड्या! उघड म्हणतो ना! पाणी आत जाऊ दे!"

"मरतोय मी!"

"मर, पण डोळे उघडून मर!"

आवाज फेसाळ होता, दात पडलेल्या माणसाचा. दोन बोटांनी त्याच्या पापण्या फाकवल्या आणि नळाखाली धरल्या. तो लाथा झाडत होता, शिव्या देत होता, आणि जेवढ्या वेळा तो तोंड वळवायचा तेवढ्या वेळा त्याला चपराक बसत होती. वायरमनने त्याला वीस मिनिटं असं धरून ठेवलं. लोक धावत आले तेव्हा त्यांना वाटलं, वायरमन रेडिएटरला मारतोय, आणि दोघांतिघांनी त्याला ओढायचाही प्रयत्न केला. तो त्यांच्यावरही गुरकावला. पाच फूट दोन इंच माणूस, पण कुणी जवळ गेलं नाही.

अंगणात, फाटकाजवळ, हातभर लांबीचा लोखंडी पाइप पडला होता. तो घरच्या सामानातला नव्हता. वायरमन पिशवी न्यायला परत आला होता, आणि येताना तो पाइप घेऊन आला होता. कशासाठी, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. धमाका झाला तेव्हा तो फाटकापाशी पोचला होता, एवढंच. पाइप तिथेच टाकून धावला. देवाला माणसाच्या हातातली वस्तू बदलायला किती वेळ लागतो!

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा वाचला. डाव्याचं पट्टी सुटल्यावर कळेल. पाणी लगेच मारलं नसतं तर दोन्ही गेले असते. बायको आणि ठकी पहिल्याच दिवशी आल्या. बायको खाटेपाशी बसून होती, ओठ हलत होते तिचे, पण तिने काही विचारलं नाही. वायरमनचं सुजलेलं तोंड बघून तीच म्हणाली, "तुम्हालाही लागलं की हो!"

"धमाका केवढा होता, वहिनी," वायरमन म्हणाला. "दातच गेला."

खाटेवर रेडिएटर हे ऐकत होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे त्याच्या तोंडाकडे कुणाला काही दिसलं नाही.

दोघी गेल्यावर त्याने वायरमनला विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुझ्यासाठी नाही. पोरीने परवा रस्त्यात गाठून मला विचारलं होतं, काका, घरात माझ्या खोलीत दिवा कुठे आहे, डाव्या हाताला की उजव्या. आणि हे बघ, माझी स्कूटर आता तू मरेपर्यंत फुकट दुरुस्त करायची."

"मी मरेपर्यंत की तू?"

"स्कूटर मरेपर्यंत."

चौथ्या दिवशी घरी सोडलं. वायरमनने मिस्त्रीचीच गाडी आणली होती. गाडी पहिल्या वळणावरच कण्हायला लागली.

"क्लच दाब."

"दाबलाय."

"पुरा दाब! गिअर आहे तो, उसाचा चरक नाही. ऐक, ऐक कशी रडतेय."

"पट्टी आहे ना डोळ्यांवर? कानांवरही बांधू?"

रेडिएटरने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि घर येईपर्यंत तसेच ठेवले.

अंगणात त्याला ठकीचे पाय ओळखू आले. मग बायकोचे. मग लोखंडी ट्रंक जमिनीवर टेकल्याचा आवाज.

"वर्ष झालं," बायको म्हणाली. "कपडे घेऊन आलोय. मामा राहिलेलं सामान संध्याकाळी आणून टाकेल."

एवढंच ऐकायला त्याने वर्षभर मनगट चावलं होतं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. वायरमन शेजारी उभा होता, तोही गप्प होता. गप्प राहणं इतकं सोपं होतं की त्याला त्याची भीती वाटली. त्याच्या डोळ्यांपुढे अंधार होता आणि अंधारात तेवढी ती भिंत दिसत होती, डागासकट.

"वर्ष नाही झालं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"याचा दात धमाक्याने नाही गेला. मी पाडला. त्याच दिवशी, धमाक्याच्या आधी. डोकंही आपटलं भिंतीवर. थांबलो नसतो तर मारूनच टाकला असता."

मग ठकीचा आवाज आला, बारीक. "एकच दिवस राहिला होता, बाबा."

ॲसिड डोळ्यांत गेलं तेव्हा लागलं नव्हतं इतकं ते त्याला लागलं.

"आणि तुम्ही?" बायको वायरमनवर उलटली. "दवाखान्यात माझ्या तोंडावर खोटं बोललात! मार खाऊन वर पांघरूण घालता? असंच पांघरूण मी बारा वर्षं घातलं, त्याचं काय झालं ते पोरीच्या कपाळावर बघा!"

वायरमनने दाताच्या रिकाम्या जागेवर जीभ फिरवली.

"कशावरून मारलंत?"

"भोकावरून," रेडिएटर म्हणाला.

"कसलं भोक?"

वायरमनने तिला खोली दाखवली. एक बॅटरी फुटली होती, दोन तडकल्या होत्या, दार गेलं होतं. भिंत मात्र जशीच्या तशी होती, कोपऱ्यात एक चीरही नाही. वायरमन समजावत होता, वायू कुठे साठतो, भोक कुठे हवं होतं. ती ऐकत होती. मग तिचा आवाज आला, "छिन्नी कुठे आहे?"

"वहिनी, गवंड्याला बोलावतो मी..."

"छिन्नी. आणि हातोडा. मोठा."

मिस्त्री अंगणात त्याच ट्रंकेवर बसला होता. पहिला घाव पडला तेव्हा तो दचकून ताठ झाला. दुसऱ्याला त्याचे खांदे कानांपर्यंत आले. त्याची पाठ घावांची वाट बघायला शिकलेली होती, पट्ट्याच्या प्रत्येक रेघेला आपापला घाव ठाऊक होता. त्याने हे घर बांधताना इतके हातोडे मारले, पण हातोड्याचा आवाज दुसऱ्या बाजूने कसा लागतो, ते त्याने नऊ वर्षांचा असल्यापासून ऐकलं नव्हतं. ती मारत होती. दमली की ठकी मारत होती, तिचे घाव हलके आणि भराभर. वीट फुटली की माठ फुटल्यासारखा आवाज व्हायचा. मध्येच बायको हातोड्याबरोबर काहीतरी बोलायची, प्रत्येक घावाला एक. शब्द कळत नव्हते. प्रार्थना होती की शिव्या, हे त्याने नंतरही विचारलं नाही.

शेवटी आवाज बदलला, पोकळ झाला, आणि थांबला.

तिने येऊन त्याला दंडाला धरून नेलं. त्याचा हात वर उचलून भिंतीत घातला. विटांच्या तुटक्या कडा, चुन्याची भुकटी, आणि पलीकडे वारा. तो बोटांतून आत येत होता.

"इथे जाळी बसवा," ती म्हणाली. "आणि अजून एक खाली पाडायचंय, ते तुम्ही पाडा. डोळे बरे झाले की." मग जरा थांबून, "ठके, मामाला म्हणावं नवीन कॅलेंडर दे."

"आजपासून एक वर्ष?" ठकीने विचारलं.

"आजपासून एक."

"आणि ट्रंक?" वायरमनने विचारलं. "उचलून देऊ?"

"ट्रंक राहू दे इथेच. आता कोण वागवतंय ती परत."

दोघी फाटकातून गेल्या. ठकी वळली की नाही, त्याला दिसलं नाही. पण पाऊल एकदा थांबल्याचं त्याने ऐकलं.

तो ट्रंकेपाशी खाली बसला आणि बोटांनी ती चाचपू लागला. तिची बाजूची, उचलायची कडी गंजून घट्ट बसली होती. वायरमनने खाली पडलेला हातोडा उचलला.

"सरक, एक ठोका देतो."

"नको," मिस्त्री म्हणाला. "तेल आण."